पाणी किती आहे? आईला घेऊन वांगानुई नदीवर तीन दिवस

आई यंदा पाच महिन्यांसाठी ऑकलंडला येणार हे नक्की झालं तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की यावेळी तिला नदीवर न्यायचं, आणि काठावरून बघायला नाही, पाण्यात बसवून न्यायचं. आई वाईची. सगळं लहानपण कृष्णेच्या घाटावर गेलं, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली, आणि आज सहासष्टाव्या वर्षीसुद्धा वाईला मावशीला फोन लावला की तब्येत वगैरे नंतर, पहिला प्रश्न "पाणी किती आहे गं?" मागच्या दोन्ही वेळेला आम्ही तिला इथले समुद्रकिनारे भरपूर फिरवले, तिला आवडलेही, पण एकदा संध्याकाळी बीचवर बसून ती म्हणाली की समुद्र जागच्या जागी हलत असतो गं, नदी कशी कुठेतरी निघालेली असते. ते माझ्या डोक्यात राहिलं होतं.

आधीचे सहा महिने

न्यूझीलंडमध्ये नदीवर अनेक दिवसांची ट्रिप म्हटलं की वांगानुईचंच नाव पहिलं निघतं. २९० किमी लांब, देशातली तिसऱ्या नंबरची नदी, टोंगारिरो पर्वतावर उगम आणि मधला बराच पट्टा घनदाट जंगलातल्या खोल घळीतून. इथे "ग्रेट वॉक्स" म्हणून सरकारने सांभाळलेल्या काही मोठ्या पायवाटा आहेत, त्यांच्या यादीत ही एकटी अशी आहे जी चालायची नाही, वल्हवायची. पूर्ण अंतर टाउमारुनुई ते पिपिरिकी १४५ किमी, पाच दिवस लागतात. मधे वाकाहोरोला उतरून सुरू केलं तर साधारण ८८ किमी, तीन दिवस. आणि जंगलाचा सगळ्यात देखणा भाग या ८८ मध्येच येतो, त्यामुळे आईसाठी तीनच दिवस हे लगेच ठरलं. (नावाचं एक सांगते, माओरीत डब्ल्यू-एचचा उच्चार बहुतेक ठिकाणी फ करतात पण या नदीकाठची माणसं तसा करत नाहीत, म्हणून मी वांगानुई लिहितेय, तिथे ऐकलं तसं.)

मग गाईड घ्यायचा की नाही यावर घरात आठवडाभर चर्चा. नुसती बोट भाड्याने घेऊन आपलं आपण जाणारे खूप लोक असतात, रॅपिड्स (पाणी खळाळत जोरात उतरतं त्या जागा) ग्रेड १ आणि २ चे, म्हणजे नवशिक्यांना जमण्यासारखे, आणि गाईडवाली ट्रिप त्यापेक्षा बरीच महाग पडते. नवऱ्याचं म्हणणं आपण दोघं वल्हवू, आईंना मधे बसवू. मला ते पटेना. आमचा दोघांचा कयाकचा, म्हणजे अरुंद वल्हवायच्या होडीचा, अनुभव म्हणजे शांत खाडीत रविवार सकाळ, वाहत्या पाण्याचा शून्य. आणि मधे एकदा घळीत शिरलं की मोबाईलला रेंज नाही, रस्ता नाही, बाहेर पडायचं तर पाण्यानेच. बरोबर सहासष्ट वर्षांची आई आणि तेरा वर्षांची लेक असताना पाणी वाचता येणारं माणूस बोटीत हवंच, इथे पैसे वाचवायचे नाहीत असं मी स्पष्ट म्हटलं आणि तो विषय संपला. तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर माझं आजही हेच सांगणं राहील.

पहिल्या ज्या कंपनीला ईमेल केली त्यांच्याकडून आईच्या वयाबद्दल आणि शाकाहारी जेवणाबद्दल तीन वेळा विचारूनही नीट उत्तर आलं नाही, म्हणून ते सोडलं. दुसरीकडे फोन उचललेल्या बाईंनी उलट मलाच प्रश्न विचारले, आईला पोहता येतं का, गुडघे कसे आहेत, चिखलाच्या चढावर हात धरून चढता येईल का, रात्री किती वेळा उठावं लागतं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण हटचं, म्हणजे मुक्कामाच्या जंगलातल्या झोपडीचं, टॉयलेट बाहेर असतं, खड्ड्याचं, आणि अंधारात टॉर्च घेऊन जायचं असतं. हे प्रश्न ऐकूनच मला वाटलं की इथेच बुक करायचं. त्यांनीच सुचवलं की आईने कयाकमध्ये नको, गाईडच्या कॅनेडियन कनूमध्ये पुढे बसावं. ती उघडी, रुंद बोट असते, मागे बसून गाईड दिशा सांभाळतो, पुढच्याने दमलं की वल्हं मांडीवर ठेवून नुसतं बघत बसायचं. मी आणि लेक दोघींच्या कयाकमध्ये, नवरा एकट्याच्या.

तारखा ६ फेब्रुवारीच्या वैतांगी डेला, इथल्या राष्ट्रीय सुट्टीला, जोडून घेतल्या, लेकीची शाळा कमी बुडावी म्हणून. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या सीझनमध्ये मुक्कामाच्या जागा आधी बुक कराव्याच लागतात आणि सुट्टीच्या तारखा पटापट जातात, म्हणून आम्ही सहा महिने आधी पैसे भरले. मी तारखा सांगितल्यावर आई एकदम गप्प झाली. म्हटलं काय झालं, तर म्हणे, "माघ आहे. कृष्णाबाईचा उत्सव." वाईत माघात एकेका घाटाचा उत्सव असतो, कृष्णाबाईची मूर्ती घाटावर आणून मांडव घालून बसवतात, पूजा, कीर्तन, प्रसाद. आईचं माहेर गणपती आळीतलं. लग्न होऊन पुण्याला गेल्यावरही तिने उत्सव क्वचितच चुकवलाय.

तयारी म्हणजे दर शनिवारी आईला जवळच्या खाडीत नेणं. लाईफ जॅकेट घातल्यावर तिने छातीवर दोनदा थोपटून बघितलं आणि म्हणाली हा भोपळा बराय. बसणं, उठणं, ओल्या उतारावरून बोटीत पाय टाकणं, हे सहा शनिवार केलं. वल्हवण्यापेक्षा बोटीत चढ-उतरच जास्त अवघड असतं, गुडघ्यांची परीक्षा तिथे होते. पाण्यात पडली तर काय करायचं तेही दोनदा मुद्दाम पाडून करून बघितलं, तिच्याच आग्रहाने. इन्शुरन्सचंही एक, आईसाठी भारतातून घेतलेल्या पॉलिसीत असल्या गोष्टी वगळलेल्या होत्या, ते वाचल्यावर वेगळं कव्हर घेतलं. पॉलिसी बारीक अक्षरांसकट वाचा.

सामानाचं साधं गणित, कॉटन नाही, जीन्स नाही, लवकर वाळणारे कपडे, एक जोडी कायम ओली आणि एक जोडी कायम कोरडी, पट्ट्याचे सँडल, चष्म्याला दोरी, टोपीला दोरी. सगळं फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात जातं, ते पिंप बोटीला बांधतात. जेवण गाईडकडे होतं तरी आईने आपलं म्हणून मेतकूट, लसणाची चटणी, दशम्या आणि गूळपोळ्या घेतल्याच. शिवाय एका पुडीत हळदकुंकू. त्या पुडीबद्दल पुढे सांगते.

शेवटच्या आठवड्यात मी रोज नदीची पातळी बघायला लागले. वर डोंगरात पाऊस झाला की ही नदी एका रात्रीत कित्येक मीटर चढते आणि ठराविक पातळीच्या वर गेली की ट्रिप सरळ रद्द करतात. बुधवारी चांगला पाऊस झाला. सकाळी चहा घेता घेता आई विचारायची, पाणी किती आहे, आणि मी फोनवरचा ग्राफ दाखवायचे. तिला तो ग्राफ दोन दिवसांत माझ्यापेक्षा चांगला कळायला लागला. चढतंय का उतरतंय ते बघ, आकडा नको बघू, असं मला सांगायची.

आदला दिवस: ऑकलंड ते ओहाकुने

गाडीने साधारण चार-साडेचार तास. टाउमारुनुई मागे पडलं की उजाड माळ आणि डावीकडे रुआपेहू पर्वत, २७९७ मीटर, फेब्रुवारीतही वर बर्फाचे पट्टे. ओहाकुने हे गाजरांसाठी प्रसिद्ध गाव, वेशीवर गाजराचा भलामोठा पुतळा आहे, लेकीने आजीचा त्याच्यासोबत फोटो काढला. संध्याकाळी ब्रीफिंग, पिंपं भरली, पाणी उतरतंय असं कळलं. झोपलो.

दिवस १: वाकाहोरो ते जॉन कूल हट, ३७.५ किमी

सकाळी सातला व्हॅन, मागे ट्रेलरवर बोटींची चळत. शेवटचा रस्ता खडीचा, वळणावळणाचा. वाकाहोरोला रेटारुके नावाची छोटी नदी येऊन मिळते, तिथून पाण्यात उतरायचं. आमच्या ग्रुपमध्ये आणखी दोन जोडपी होती. गाईड याच नदीकाठच्या इवीचा, म्हणजे इथल्याच माओरी लोकांपैकी, पन्नाशीचा शांत माणूस. त्याने काय काय करायचं ते अर्धा तास समजावून सांगितलं. रॅपिडमध्ये पाण्याचा इंग्रजी व्ही दिसतो, त्याचं टोक खाली जाताना आपल्यापासून लांब असेल तर ती वाट मोकळी, त्याच्या मधोमध जायचं. टोक आपल्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड. दगडावर बोट आपटलीच तर दगडापासून लांब नाही, दगडाकडे झुकायचं. आणि पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय पुढे, पायाचे चवडे पाण्यावर, उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही.

मग निघण्याआधी त्याने सगळ्यांना काठाशी बोलावलं आणि काराकिया म्हटली, म्हणजे प्रार्थना. आईने विचारलं नाही की हे काय चाललंय. तिने सँडल काढले, हात जोडले आणि त्याचं म्हणणं संपेपर्यंत उभी राहिली. नंतर मला हळूच म्हणाली, अगं त्यांना विचार ना हळदकुंकू वाहिलं तर चालेल का. मला थोडं अवघडल्यासारखं झालं पण विचारलं. त्याने पुडी हातात घेतली, बघितली, हळदीचा वास घेतला, आणि सांगितलं की नदीत बाहेरचं काही टाकत नाही आम्ही, पण तुमची आई पाणी घेऊन स्वतःच्या डोक्यावर शिंपडू शकते, आम्हीही तेच करतो. आणि त्याने वाकून ओंजळीत पाणी घेऊन डोक्यावर शिंपडलं. आई शेजारी वाकली आणि तिनेही घेतलं. मग पुडी उघडून तिने कुंकवाचं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं, एक लेकीला, एक मला, पुडी परत बांधून पिंपात. पाच मिनिटांची गोष्ट आहे पण मला अख्ख्या ट्रिपमधलं हे सगळ्यात लख्ख आठवतं, तिची पाण्यात बुडालेली बोटं, आणि पाणी गढूळ हिरवं, घाटावर पावसानंतर असतं तसं.

पहिला तास लेकीचं आणि माझं वल्हं एकमेकींना लागत होतं, मग ताल जमला, पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने दिशा. घळीत शिरल्यावर दोन्ही बाजूंना निळसर करड्या मऊ दगडाच्या भिंती उभ्या राहतात, याला इथे पापा म्हणतात, चिखलाचाच बनलेला दगड. त्याच्यावर शेवाळ आणि नेच्यांचे पडदे आणि दर थोड्या अंतराने वरून एक बारीक धार पडत असते, कधी दोराएवढी, कधी नुसते थेंब. वर रानबकऱ्या. आणि आवाज असा की वल्ह्यावरून पडणारे थेंब ऐकू येतात. एका वळणावर गाईडने सगळ्यांना भिंतीजवळ घेतलं आणि पाण्याच्या थोडं वर दगडात पडलेली भोकं दाखवली, मूठ आत जाईल एवढी, ओळीने. पूर्वी माओरी लोक प्रवाहाविरुद्ध होड्या वर न्यायचे तेव्हा लांब बांबूसारखे दांडे या भिंतीला टेकवून रेटायचे, पिढ्यान् पिढ्या त्याच जागी दांडा टेकून टेकून ती भोकं पडलीयेत. आईने हात घातला त्यात. म्हणाली, जात्याच्या खुंट्याला हात लागून लागून गुळगुळीत होतो ना, तसं आहे आतून.

आपल्याकडे दोर ओढून विहिरीच्या दगडाला खाचा पडतात, तेच.

दुपारी काठावर जेवण, आईच्या दशम्या सगळ्यांत वाटल्या गेल्या आणि गाईडच्या सँडविचेसला लसणाची चटणी लागली. गांधीलमाश्या होत्या, उन्हाळा संपत आला की या नदीवर त्या वाढतात, गोड काही उघडं ठेवायचं नाही. शेवटचे दहा किमी मात्र जड गेले. हात, खांदे, पाठ, आणि समोरून वारा. लेक रडकुंडीला आली होती. आई पुढच्या बोटीत वल्हं मांडीवर ठेवून बसलेली, तिने मागे वळून लेकीशी भेंड्या सुरू केल्या, आणि त्या भेंड्यांवर आम्ही हटला पोचलो.

जॉन कूल हट पाण्यापासून बरीच उंच आहे आणि सगळी पिंपं हातोहात वर न्यावी लागतात. बोटीही उचलून उंचावर नेऊन झाडाला बांधायच्या, रोज, आकाश कितीही स्वच्छ असलं तरी, कारण पाऊस आपल्या डोक्यावर पडलाच पाहिजे असं नाही, वर कुठेतरी पडला तरी पहाटे नदी तुमच्या बोटी घेऊन जाते. गाईडने वर एका झाडाच्या फांदीत अडकलेला ओंडका दाखवला, आमच्या डोक्याच्या कितीतरी वर. पाणी तिथपर्यंत आलं होतं कधीतरी. आई त्या ओंडक्याकडे बराच वेळ बघत होती.

संधिप्रकाशात वटवाघळं दिसली, अंगठ्याएवढी, ही इथली मूळची. आणि मध्यरात्री आईला बाहेर घेऊन गेले तेव्हा जंगलातून तीक्ष्ण शिट्टी आली, चढत चढत जाणारी, पंधरा-वीस वेळा. किवी. नऊ वर्षं या देशात राहतेय, प्राणिसंग्रहालयाबाहेर पहिल्यांदा ऐकला, टॉयलेटच्या वाटेवर आईचा हात धरून.

दिवस २: जॉन कूल ते टिएके काइंगा, २९ किमी

सकाळी धुकं एवढं की पुढची बोट दिसेना, नुसता आईचा लाल टोपीचा ठिपका. गाईड म्हणाला घाई नाही. मग साधारण दहाला धुकं वर गेलं, एकदम नाही, पदर उचलल्यासारखं खालून वर.

धुकं जाईपर्यंत त्याने एक गोष्ट सांगितली. टोंगारिरो आणि टारानाकी हे दोन पर्वत, दोघांचं पिहांगा नावाच्या डोंगरावर प्रेम. भांडण झालं, टारानाकी हरला आणि पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने निघून गेला, जाताना जमिनीत खोल चर पाडत गेला. मग टोंगारिरोतून स्वच्छ पाण्याचा झरा फुटला, त्याने तो चर भरला, जखम भरावी तसा, आणि ही नदी झाली. मी आईला मराठीत सांगत होते. तिने विचारलं, आणि पिहांगा? ती टोंगारिरोजवळ राहिली. बरं, म्हणाली.

मग कायद्याचा विषय निघाला. इथल्या माओरी लोकांनी आपल्या नदीसाठी १८७० च्या दशकापासून अर्ज केले, कोर्टात वर्षानुवर्षं केस चालवली, आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने कायदा केला की ही नदी, डोंगरापासून समुद्रापर्यंत, तिच्या सगळ्या उपनद्यांसकट, एक व्यक्ती आहे, तिला माणसासारखे कायदेशीर हक्क आहेत. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमलेली असतात, एक इथल्या इवींच्या बाजूने आणि एक सरकारच्या. त्याच महिन्यात उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेलाही व्यक्ती ठरवलं होतं, पुढे जुलैत सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. इथल्या माओरी लोकांत एक म्हण आहे, मी नदी आहे आणि नदी मी आहे. हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं ती आश्चर्याने ऐकेल. ती म्हणाली, हो मग. तिला कृष्णाबाई म्हणतो ना आपण, बाईच आहे ती. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण इथे कोर्टात जाऊन लिहून घेतलं हे बरं केलं यांनी. आपण नुसतं बाई म्हणतो आणि गटारं सोडतो तिच्यात.

हे मी गाईडला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला आमच्याही नदीचं वरचं पाणी १९७० च्या दशकापासून बोगद्यांतून वीजनिर्मितीकडे वळवलेलं आहे, आमच्या म्हाताऱ्या लोकांना ते अजून लागतं. मग दोघंही गप्प वल्हवत राहिले. आई त्या दिवशी जास्त वल्हवत होती.

दुपारी मांगापुरुआच्या धक्क्याला लागलो. धक्का म्हणजे त्याच पापा दगडाची निसरडी पायरी, बोटी एकमेकींना बांधून एकेकाने उतरायचं, आई गाईडचा खांदा धरून उतरली. तिथून चाळीस मिनिटं चालत "ब्रिज टू नोव्हेअर". जंगल, जंगल, जंगल आणि अचानक दरीवर पक्का काँक्रीटचा पूल, खाली सुमारे ४० मीटरवर ओढा, आणि पुलाला पलीकडे धड रस्ताच नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९१७ पासून सरकारने या दरीत जमिनी दिल्या. जंगल तोडून शेतं करायची. उतार तीव्र, झाडं गेल्यावर माती घसरायला लागली, रस्ता वाहून जायचा, मालाला भाव नाही, माणसं सोडून जायला लागली. पूल पुरा झाला १९३६ मध्ये, तोवर दरी अर्धी रिकामी झाली होती, आणि १९४२ मध्ये मोजकी कुटुंबं उरली असताना सरकारने रस्त्याचं काम बंद केलं, तीही गेली. जंगलाने सगळं परत घेतलं.

आई कठड्याला टेकून खाली बघत म्हणाली धोम धरणात गावं गेली तेव्हा लोकांनी देव बैलगाडीतून नेले होते वर. इथल्यांनी काय नेलं असेल.

टिएके काइंगाला पोचायला साडेचार झाले. हे मुक्कामाचं ठिकाण पण आहे आणि मराए पण, म्हणजे माओरींची एकत्र जमायची जागा. १९९३ मध्ये इथल्या लोकांनी इथे परत येऊन वस्ती केली, आता सरकारचं खातं आणि ते मिळून सांभाळतात. दारू चालत नाही. आम्ही गेलो तेव्हा घरची माणसं होती त्यामुळे रीतसर पोविरी झाली, स्वागत. पाहुण्यांनी आवारात सरळ शिरायचं नाही, आतून बाईची हाक आल्यावर हळू चालत जायचं, बायका पुढे. ती हाक म्हणजे लांबवर ओढलेला सूर, अंगावर काटा येतो. मग भाषण, आणि भाषणानंतर पाहुण्यांनी गाणं म्हणायचं असतं. आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर आई उभी राहिली आणि तिच्या आजीची जात्यावरची ओवी म्हटली, कृष्णेला माहेरची वाट विचारणारी. आवाज थोडा कापत होता. एका घरच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं. नंतर होंगी, नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकवून एक श्वास. त्या बाई आणि आई जरा जास्तच वेळ तशा उभ्या राहिल्या. दोघींची उंची सारखी होती.

रात्री गाईडने भाज्यांचं करी आणि भात केला होता, आईने वरून मेतकूट आणि तूप वाढलं सगळ्यांना.

दिवस ३: टिएके ते पिपिरिकी, २१.५ किमी

अंतर कमी पण मोठे रॅपिड्स आजचेच. त्यातला ऑटापू, त्याला सगळे फिफ्टी-फिफ्टी म्हणतात, निम्म्या बोटी उलटतात म्हणून. आधी गाईड आईला घेऊन गेला. मी वरून बघतेय, लाटांमध्ये लाल टोपी खाली गेली, वर आली, खाली गेली, आणि पार पलीकडे शांत पाण्यात. आईने वल्हं वर करून दाखवलं.

मग आम्ही. व्ही दिसला, मधोमध शिरलो, पहिली लाट आली, दुसरी लेकीच्या छातीवर आली आणि ती वल्हवायची थांबली. थांबायचं नसतं, बोटीला वेग असेल तरच ती तुमचं ऐकते. बोट आडवी झाली आणि मी "झुक" म्हणेपर्यंत आम्ही दोघी पाण्यात. थंड. कानात घों आवाज. वर आले तेव्हा लेक दिसत नव्हती, दोन-तीन सेकंदच असतील, पण तेवढ्यात माझ्या तोंडून आई अशी हाक निघाली. मग बोटीच्या पलीकडून लेकीचे दोन पाय वर आले, चवडे पाण्यावर, उताणी, अगदी सांगितलं होतं तशी. गाईडने दोर फेकला, लेकीला ओढून घेतलं, मला खालच्या वळणावर नवऱ्याने धरलं. काही लागलं नाही. एक बाटली वाहून गेली ती गाईडने पुढे जाऊन शोधून आणली, नदीत काही ठेवायचं नाही म्हणून.

काठावर आईने लेकीचं डोकं आपल्या कोरड्या पंचाने खसाखसा पुसलं आणि एक शब्द बोलली नाही, गूळपोळी दिली. लेकीने ती खाल्ली आणि विचारलं, अजून किती रॅपिड्स आहेत. राहिलेले तिने पुढे बसून, एकदाही न थांबता वल्हवले.

पिपिरिकी दुपारी दीडला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अलेक्झांडर हॅट्रिकच्या आगबोटी इथवर आणि पुढे वर जायच्या, लोक या नदीला न्यूझीलंडची ऱ्हाईन म्हणायचे, पर्यटकांची झुंबड असायची. आता एक उतार, बोटी, ट्रेलर, चिखलाचे पाय. पिंपं रिकामी केली, कचऱ्याची पिशवी मोजून परत घेतली, बोटी धुतल्या. निघताना आई परत एकदा पाण्याशी गेली, सँडल काढून. मी यावेळी लांबच उभी राहिले.

व्हॅनमध्ये सगळे पेंगत होते. राएटिहीजवळ फोनला रेंज आली आणि आईचा फोन वाजायला लागला, मावशीचे सात मिस्ड कॉल. भारतात तेव्हा सकाळ, गणपती आळीचा उत्सव सुरू झालेला, मागे सनई ऐकू येत होती. आईने काही बोलायच्या आत मावशीनेच विचारलं, स्पीकरवर होतं म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं, "अगं, पाणी किती आहे तिकडे?"

"गढूळ आहे थोडं," आई म्हणाली, "पण उतरतंय. आणि ओढ आहे चांगली."